धानाची वाहतूक: वाहन कोणते, वाट कोणती?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो १७०० च्या सुमारास बांधला, आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा उपयोग बंदीखान्यासारखा केला, असे गॅझेटियर सांगते. किल्ल्याची हकीकत सांगणारे भेटतात. किल्ल्याखालून तुमसरच्या बाजाराकडे जाणाऱ्या वाटेची हकीकत सहसा कोणी सांगत नाही. त्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या बंड्या चालल्या. बंडीत किती पोती घालावयाची हे बैलाच्या खांद्यावरून ठरत असे आणि चढ आला की बैल आपणहून थांबत असे. आज त्याच वाटेवर ट्रॅक्टरमागे ट्रॉली आहे आणि पिकअप गाडीही आहे. बैलाला जे कळत होते ते मात्र यंत्राला कळत नाही. ते माणसाने ठरवावयाचे असते. आणि नेमके ते ठरविण्याच्या कामी शेतकऱ्याला कोणाचेच साहाय्य होत नाही, ही या प्रश्नातील खरी अडचण आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. शेतीच्या ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरच्या टायरांवरील १८ टक्क्यांवरून ५ वर, आणि मालवाहू गाड्यांवरील २८ टक्क्यांवरून १८ वर. दहा दिवसांतच दसरा होता. स्वस्त झालेले वाहन, सणाचा मुहूर्त आणि कर्ज देण्यास उत्सुक असलेल्या वित्तसंस्था असा तिहेरी योग जुळून आला, की खरेदीचा निर्णय हिशेबाने होत नाही, हार घातलेल्या वाहनाकडे पाहून होतो. करकपातीला विरोध करण्याचे कारण नाही. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु वस्तू स्वस्त झाली म्हणजे ती परवडू लागली, हा समज अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही करून घेऊ नये असा आहे. किंमत एकदा द्यावयाची असते. हप्ता दर महिन्याला यावयाचा असतो.

हिशेब साधा आहे. पाच एकर बांध्यांचा धनी असलेले एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. एकरी पंधरा क्विंटल धान धरले, तर खरिपात पंचाहत्तर क्विंटल, म्हणजे साडेसात टन माल होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली. त्या भावाने सारा माल विकला गेला, एकही पोते नाकारले गेले नाही आणि घरी खाण्यासाठी काही ठेवलेच नाही, असे मानले तरी एकूण आवक १ लाख ७७ हजार ६७५ रुपये होते. आता या कुटुंबाने आठ लाख रुपयांचे कर्ज बारा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढून वाहन घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १७ हजार ८०० रुपयांचा पडतो आणि वर्षाकाठी २ लाख १३ हजारांहून अधिक रक्कम भरावी लागते. खत, मजुरी, डिझेल यांपैकी काहीही न वजा करता आलेले सारे उत्पन्न वाहनाच्या हप्त्यालाही पुरत नाही.

मग वाहन घ्यावयाचेच नाही काय? असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. कारण वाहन घेणारा ते केवळ स्वतःच्या धानासाठी घेत नाही. साडेसात टन माल ट्रॉलीच्या दोन-तीन खेपांत तुमसरला पोचतो. दीड टन क्षमतेच्या पिकअपला त्यासाठी पाच खेपा लागतात. वर्षातून दोन खेपांसाठी कोणी आठ लाख गुंतवीत नाही. गुंतवितो तो शेजाऱ्याची नांगरणी, चिखलणी, मळणी, वीट, गिट्टी, वाळू, लग्नाचे सामान या सर्वांच्या भाड्यावर भिस्त ठेवून. ट्रॅक्टरच्या खर्चाचा हिशेब मांडताना वर्षाला सुमारे १,००० तास काम धरण्याची पद्धत आहे. दिवसाला आठ तास काम झाले, तर ते सव्वाशे दिवस होतात. गावात एक ट्रॅक्टर असताना हे सव्वाशे दिवस मिळतात. तोच हिशेब करून दुसऱ्याने, तिसऱ्याने आणि सातव्याने ट्रॅक्टर घेतला, की काम तेवढेच राहते आणि दिवस वाटले जातात. भाडे उतरते, हप्ता उतरत नाही. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचा आणि सर्वांचा मिळून निर्णय तोट्याचा, हे दृश्य ग्रामीण भागात नवे नाही. कांदा लावणाऱ्यांनी ते पाहिले आहे, कुक्कुटपालन करणाऱ्यांनीही पाहिले आहे.

यातून पुढचा अनर्थ उद्भवतो, आणि तो केवळ पैशाचा नाही. भाडे उतरले की खेपा कमी करून ओझे वाढविण्याकडे कल होतो. ट्रॉलीच्या फळ्यांवर आणखी फळ्या चढतात. तीन टनांच्या जागी पाच टन जातात. वाहनाची निवड करताना विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: ‘किती ओढेल?’ किती थांबवील, हा प्रश्न विक्रेता काढीत नाही आणि ग्राहकालाही तो सुचत नाही.

यंत्रशास्त्राची थोडी ओळख येथे आवश्यक आहे. ट्रॅक्टर हे मुळात शेतात अवजार ओढण्यासाठी तयार झालेले यंत्र. मोटार वाहन कायदा, १९८८ याने तर त्याची व्याख्याच अशी केली आहे, की जे स्वतः भार वाहण्यासाठी बांधलेले नाही ते वाहन म्हणजे ट्रॅक्टर. मंद गती आणि जबर ओढ हा त्याचा गुण. चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या सामान्य ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास असते, आणि त्याचे ब्रेक सर्वसाधारणपणे मागच्या दोन चाकांनाच असतात. त्यामागे पाच टनांची ट्रॉली जोडली आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसला, तर दोन टनांच्या मुंडीने सात टनांचा डोलारा थांबवावयाचा असतो. सपाटीवर आणि हळू चालीत हे कसेबसे साधते. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते. चालकाने जोरात ब्रेक दाबला तर मुंडी आडवी फिरते आणि ट्रॉली तिच्या अंगावर येते. डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून उतार उतरण्याची जी सवय अनेक चालकांना असते, ती या क्षणी प्राणघातक ठरते, कारण इंजिनाचा रोध हाच तेथे उरलेला एकमेव आधार असतो.

आणखी एक गोष्ट, जी वाहन चालविणाऱ्यांना ठाऊक असते पण वाहन विकत घेणाऱ्या धन्याला पुष्कळदा नसते. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाच्या ब्रेकची दोन निराळी पायडले असतात. बांधीत चटकन वळण घेता यावे म्हणून ही सोय. रस्त्यावर येताच ती दोन्ही पायडले खिटीने एकमेकांना जोडून टाकावयाची असतात. न जोडता वेगात एकच पायडल दाबले गेले, तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. दिवसभर चिखलणी करून संध्याकाळी ट्रॉली जोडणाऱ्या थकलेल्या पोराला ही खिटी आठवेलच, याची हमी कोण देणार?

भार कोठे ठेवला यालाही महत्त्व आहे. दोन चाकी ट्रॉलीत पोती मागच्या बाजूला अधिक रचली, तर जोडणीचा दांडा वर उचलला जातो आणि मागचा डोलारा डुलू लागतो; पुढे फार रचली, तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकत नाही. अमेरिकेत मोठ्या पिकअप गाड्यांमागे ट्रेलर ओढण्याचा सर्रास प्रघात आहे. तेथे ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण दहा ते पंधरा टक्के भार जोडणीवर यावा, असा नियम खरेदीदारालाही पाठ असतो, आणि अनेक राज्यांत सुमारे ३,००० पौंडांच्या, म्हणजे १,३६० किलोंच्या पुढील ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असणे सक्तीचे आहे. आपल्याकडे याच्या तिप्पट वजनाची ट्रॉली गावच्या वेल्डिंगच्या दुकानात तयार होते. जुन्या ट्रकचा आस, उरलेसुरले टायर, वर पत्रा आणि पाठीमागे कोणाच्या तरी नावाचा सुंदर रंगकाम केलेला फलक! रंगाला खर्च होतो. ब्रेकला होत नाही. हा उपहास नव्हे. रंग दिसतो म्हणून त्याचे भाडे मिळते असे तरी वाटते. ब्रेकचे भाडे कोणी देत नाही.

पिकअपची बाजूही पाहिली पाहिजे. २००५ साली टाटा एस ही पाऊण टन वजन वाहणारी छोटी गाडी आली, आणि तेव्हापासून लहान मालवाहू वाहनांचा बाजार झपाट्याने पसरला. बोलेरो पिकअप, अशोक लेलँडची दोस्त, टाटांची योद्धा ही नावे आज तालुक्याच्या कोणत्याही बाजारपेठेत परिचित आहेत. या गाड्यांना चारही चाकांना ब्रेक असतात, भार गाडीच्याच पाठीवर असतो, आणि भाजीपाला, दूध, किराणा यांचे भाडे बारमाही मिळू शकते. रस्त्यावरील वाहतुकीच्या दृष्टीने ट्रॉलीपेक्षा पिकअप निर्विवादपणे सुरक्षित. पण ती बांधीत उतरत नाही, चिखलणी करीत नाही, आणि ती व्यावसायिक वाहन असल्यामुळे कर, परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा यांचा खर्च तिच्या पाठीशी लागतो. शेतीचा ट्रॅक्टर या कटकटींतून बराचसा मुक्त आहे. म्हणजे कायद्यानेच सुरक्षित वाहन महाग आणि असुरक्षित जोडणी स्वस्त करून ठेवली आहे. शेतकऱ्याच्या सोयीसाठी दिलेल्या सवलतीचा हा अनपेक्षित परिणाम होय. सवलत काढून घ्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल; पण ती ट्रॉलीच्या ब्रेकशी जोडा, असे म्हणण्यात अन्याय नाही. आज अनुदान ट्रॅक्टरला मिळते. तेच अनुदान ब्रेक असलेल्या ट्रॉलीला थोडे अधिक आणि नसलेल्या ट्रॉलीला मुळीच नाही, असे ठेवता येईल.

हा विषय तातडीचा का, ते सांगण्यास एक घटना पुरेशी आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या सात महिला मृत्युमुखी पडल्या. त्यापूर्वी १ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूर जिल्ह्यात देवदर्शनाहून परतणाऱ्यांची ट्रॉली तळ्यात उलटून सव्वीस जण दगावले होते. प्रत्येक अपघाताचे तात्कालिक कारण निराळे असते आणि ट्रॉलीला ब्रेक असता तर ते सारे वाचले असते, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही. परंतु मालाच्या जागी माणसे बसविली होती, हे दोन्ही ठिकाणी समान. भंडारा जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत भल्या पहाटे महिलांनी भरलेल्या ट्रॉल्या एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना दिसतात. या महिलांची जोखीम ट्रॅक्टरच्या विम्यात धरलेली नसते. रोवणीची मजुरी ठरविताना जाण्यायेण्याचा खर्च मालक करतो, म्हणून तो स्वस्तात स्वस्त साधन निवडतो. आणि त्या स्वस्ताईचा खरा भार ज्या उचलतात, त्यांना निवड करण्याचा अधिकारच नसतो. ‘ट्रॉलीने येणार नाही, जीपने न्या,’ असे म्हणणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी रोवणीला बोलावतील काय?

आता वाटेचा प्रश्न. पूर्वी वाट विचारावी लागे. आता ती खिशातील फोन सांगतो. नव्या पिकअप गाड्यांत पडदा बसविण्याचे पर्याय आहेत आणि विक्रेते ते आग्रहाने दाखवितात. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संकेत नागरी वापरासाठी मुद्दाम अचूकता घटवून दिले जात. ती पद्धत मे २००० मध्ये बंद झाली आणि रस्ता दाखविणाऱ्या यंत्रांचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. भारतानेही १ जुलै २०१३ रोजी आपला पहिला दिशादर्शक उपग्रह सोडला, २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा सोडला, आणि या मालिकेला ‘नाविक’ असे नाव मिळाले. पुढील वाट मात्र सुकर नव्हती. २९ जानेवारी २०२५ रोजी सोडलेला एनव्हीएस-०२ हा उपग्रह नियोजित कक्षेत पोचू शकला नाही. हे सारे प्रयत्न अभिमानास्पद आहेतच. पण उपग्रह सांगतो ते एवढेच, की वाहन कोठे आहे. पुढचा रपटा पाण्याखाली आहे की नाही, पुलाची मोरी सात टन पेलते की नाही, हे उपग्रहाला दिसत नाही. ते नकाशात कोणीतरी लिहावे लागते.

फोनवरील मार्गदर्शकात मोटारीची वाट असते, दुचाकीची असते, पायी चालणाऱ्याचीही असते, ट्रॉलीची नसते. तो जवळची वाट शोधतो. मोटारीला जी वाट जवळची, तीच ट्रॉलीला अडचणीची असू शकते. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची डांबरी रुंदी साधारणतः पावणेचार मीटर. त्यावर दोन भरलेल्या ट्रॉल्या समोरासमोर आल्या, की एकीला कडेच्या मातीत उतरावे लागते, आणि ओलसर कडेला उतरलेली ट्रॉली कलंडण्यास वेळ लागत नाही. ट्रॉली मागे घेणे हे तर निष्णात चालकाचेच काम. सुकाणू उजवीकडे फिरविले की ट्रॉली डावीकडे जाते. मोटारीने चुकलेली वाट अर्ध्या मिनिटात सुधारता येते. ट्रॉलीने चुकलेली वाट कधी कधी पोती उतरवूनच सुधारावी लागते. जुलै २०२४ मध्ये गूगलने देशातील आठ शहरांत मोटारींना अरुंद रस्ते टाळून वाट दाखविण्याची सोय जाहीर केली. तुमसरचा त्यात समावेश असण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला उत्तर प्रदेशात बरेलीजवळ, नकाशावर दिसणाऱ्या पण प्रत्यक्षात तुटलेल्या पुलावरून मोटार रामगंगेच्या पात्रात कोसळून तिघांचा अंत झाला. परदेशात ट्रकचालकांसाठी अशी यंत्रे मिळतात, की ज्यांत वाहनाची उंची, लांबी व वजन भरले म्हणजे त्यानुसार वाट निवडली जाते. ती यंत्रे येथे आणून उपयोग नाही, कारण त्यांना खाद्य म्हणून लागणारी माहिती येथे उपलब्धच नाही.

की उपलब्ध आहे? प्रत्येक पुलाची, मोरीची आणि रपट्याची बांधणी कोणत्या भारासाठी झाली, याची नोंद बांधकाम विभागाच्या आणि जिल्हा परिषदेच्या दप्तरांत असावयास हवी. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने ग्रामसडक योजनेतील रस्त्यांची व वस्त्यांची नकाशारूप माहिती सर्वांसाठी खुली केली. ही स्तुत्य गोष्ट होती. त्याच वाटेने पुढे जाऊन पुलांची भारक्षमता आणि पावसाळ्यात बुडणाऱ्या रपट्यांची यादी खुली करण्यास कोणती हरकत असावी? गौण खनिज वाहणाऱ्या गाड्यांवर जीपीएस यंत्र बसविण्याची सक्ती महाराष्ट्र शासनाने केली आहे. वैनगंगेची वाळू कोठे चालली हे शासनाला कळले पाहिजे, यात शंका नाही. त्यात महसूल आहे. मात्र वाळूचा ठावठिकाणा शोधणाऱ्या या यंत्रणेला वाळू वाहणाऱ्याला सुरक्षित वाट सांगण्याची बुद्धी अजून झालेली नाही. एकच यंत्र, एकच उपग्रह. पण माहिती एकाच दिशेने वाहते.

तोपर्यंत आंबागड परिसरातील शेतकऱ्याने यंत्राच्या पर्यायांवर पैसे घालावे काय? पिकअप घेऊन नागपूर, गोंदिया, बालाघाट अशी भाडी मारणाऱ्याला फोनवरील नकाशा पुरेसा आहे. गाडीतील महागडा पडदा त्याहून वेगळे काही सांगत नाही. गाडी चालकाच्या हाती देऊन धनी घरी बसणार असेल, तर गाडीचा ठावठिकाणा कळविणारे साधे यंत्र उपयोगी पडते, कारण डिझेल आणि फेऱ्या यांचा हिशेब त्यातून मिळतो. ट्रॉली ओढणाऱ्याला मात्र या दोहोंपेक्षा मागच्या फळीवरील परावर्तक पट्ट्या, चालू स्थितीतील मागचे दिवे आणि ट्रॉलीचा ब्रेक यांवर तोच पैसा घालणे हिताचे. अंधारात रस्त्यात उभी असलेली, दिवा नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसत नाही, आणि त्या दुचाकीवर पुष्कळदा त्याच गावचा विद्यार्थी किंवा शाळा सुटून परतणारा शिक्षक असतो.

याची तपासणी करावयास निराळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. धानाच्या हंगामात ट्रॉल्या आपण होऊन एका जागी येतात. आधारभूत खरेदी केंद्रांपुढे आणि तुमसरच्या बाजार समितीच्या आवारात त्यांच्या रांगा लागतात, चालक रात्र रात्र तेथे थांबतात, आणि धर्मकाट्यावर भरलेल्या ट्रॉलीचे वजन किलोपर्यंत मोजून त्याची पावती फाडली जाते. धानाचा ओलावा तपासण्यासाठी तेथे माणूस असतो, यंत्र असते. परिवहन विभागाचा एक निरीक्षक आणि एक मिस्त्री हंगामाचे सहा आठवडे त्याच आवारात बसविले, ब्रेक व दिवे पाहून पावतीवर शिक्का मारला, पट्ट्या तेथेच चिकटवून दिल्या, आणि दोष आढळलेल्या ट्रॉलीला दंडाऐवजी पुढील हंगामापर्यंतची मुदत दिली, तर तालुक्यातील किती ट्रॉल्यांना ब्रेक आहे हा आकडा निदान एकदा कागदावर येईल.